अर्जदार मागं, मालक पुढं

...अन् वरून ते कामगार ऑफिसातले साहेब मलाच इचारतेत, "तुमच्या आस्थापनेत कामगार किती?" आता काय सांगावं मी? म्हणलं, साहेब, एकच हाय, अन् त्याचाबी पाय मोडलाय. तर ते लिहून घ्यायला लागले की हो! तुमी हसून राहिले, पण मला हसू येईना. आस्थापना म्हणं! कोणती आस्थापना? माझी आस्थापना म्हंजे ती बाहेर उभी केलेली मोटारसायकल, जिचं डावं इंडिकेटर मी हातानं दाखवतो, अन् पाठीवरची ती चौकोनी बॅग, तीबी कंपनीची. मी संतराम, राहणार आखाडा बाळापूर, धंदा पार्सलं वाटणं... दारात उभं राहून "ताई, ओटीपी सांगा", "काका, ओटीपी सांगा" करत दिवस चालले... आता तुमीच सांगा, मी मालक दिसतो काय?

न्हाई, पयल्यापासूनच सांगतो, न्हाईतर तुमालाबी वाटायचं ह्यानंच कायतरी केलं असंल.

तर हे पार्सलचं काम मी धरलं तवा मला वाटलं, नोकरी लागली. का वाटू नये? कंपनीचा टी-शर्ट, कंपनीची बॅग, सकाळी टायमावर हजर व्हायचं, उशीर झाला तर बोलणं खायचं... ह्याला नोकरी न्हाई तर काय म्हणतेत? पण फोनवर ते ॲप टाकलं अन् पयलाच निरोप आला, "स्वागत आहे, भागीदार!" मी दिपाला, म्हंजे आमच्या घरच्यांना, दाखवलं. म्हणलं, हे बघ, एवढी मोठी कंपनी, अन् मला भागीदार करून घेतलं. ती म्हणे, "भागीदाराला टी-शर्ट घालून उन्हात फिरवतेत का?" तवाच कळायला पाहिजे व्हतं. पण त्याखाली लांबच लांब मजकूर, बोटानं सरकवतो, सरकवतो, संपतच न्हाई, अन् शेवटी एक चौकोन, "मला मान्य आहे". दाबलं. तुमी वाचता का ते? खरं सांगा. वाचत असाल तर उठून उभं राहा, मी पाया पडतो तुमच्या.

बरं, काम चांगलं चाललं व्हतं. बाळापूरला स्टँडच्या मागं गोडाऊन हाय, त्याला हब म्हणतेत. तिथं रुद्र म्हणून पोरगा, टीम लीडर. नांदेडचा. सारखा कानात ते यंत्र, अन् बोलणं एकदम पुस्तकातलं. "दादा, आजचा रूट क्लिअर झाला पाहिजे. दादा, कस्टमर वाट बघतोय. दादा, रेटिंग पडतंय." माझं काय पडतंय ते कवा इचारलं न्हाई, पण पोरगं वाईट न्हाई, ते पुढं सांगतो.

आली दिवाळी. अन् दिवाळीत त्या सेलमधी लोकांना काय होतं देवाला माहीत! एरवी दुकानात दहा कापडं उलगडून एक न घेणारी माणसं, फोनवर बघून कायबी मागवतेत. कुकर, कढया, सोफ्याची कव्हरं, आकाशकंदील, वजन कमी करायचा पट्टा... त्यो पट्टा मी साखरा गावच्या एका पैलवानाच्या सोयऱ्याला दिला, त्यो माझ्यापेक्षा बारीक. तर हबवर पोत्यांचा ढीग, अन् रुद्र म्हणे, "दादा, हे सगळं आजच." मी म्हणलं, अरे बाबा, ही एक मोटारसायकल हाय, रेल्वे न्हाई. एकट्याच्यानं व्हायचं न्हाई हे. तर त्यानं सगळ्यांच्या देखत, मोठ्या आवाजात, काय म्हणलं? "मग घ्या ना दादा कुणाला तरी सोबत! ॲडजस्ट करा!"

ॲडजस्ट करा. हे दोन शब्द ध्यानात ठेवा, कंपनीच्या काय ते ध्यानात ऱ्हायले न्हाईत.

मंग मी कुणाला घेणार? अफरोजला. अफरोज म्हंजे माझा लहानपणापासूनचा दोस्त, आमच्या घरामागंच घर. त्यांचं पिढीजात काम कापूस पिंजायचं, गाद्या-उशा भरायचं. अख्ख्या बाळापुरात कुणाचंबी लगीन निघालं की रुखवताच्या गाद्या ह्यांच्याकडं. पण आता काय झालं, त्या गुंडाळून खोक्यात घातलेल्या गाद्या निघाल्या, खोकं फोडलं की फुस्सकन फुगतेत. अन् त्या खोक्यातल्या गाद्या घरोघर कोण पोचवतं? मी! दोस्ताचा धंदा मीच पाठीवर घालून बुडवून राहिलो, अन् त्यो मला रोज बघून म्हणायचा, "संत्या, आज कितने लोगां को सुलाया?" कवा राग न्हाई. तर त्या दिवशी बी रिकामाच बसला व्हता, म्हणला, "चल ना बे. घर में बैठ के कापूस गिनू क्या?"

झालं. मी पुढं, अफरोज मागं, दोन बाजूला दोन पोती, अन् त्याच्या मांडीवर सगळ्यात मोठं खोकं. काय व्हतं त्यात? देवघर! लाकडी, कळसाबिळसाचं, डोंगरकडा गावच्या एका बाईंनी मागवलेलं. खोक्यावर देवघराचा फोटो. अफरोज म्हणे, "संत्या, आराम से चला, मेरी गोद में तुम्हारे भगवान का घर है." म्हणलं, तू फकस्त धरून ठेव, वाकडं झालं तर बाई परत करतील.

अन् त्या रस्त्याला सोयाबीन. तुमाला माहीतच हाय, रास झाली की अर्धा रस्ता सोयाबीनचा, वाळायला टाकलेलं, कडंनं दगडं लावलेले. वळणावर समोरून आला ट्रॅक्टर, मी गाडी घेतली बाजूला, चाक गेलं सोयाबीनवर... त्याच्यावर चाक ऱ्हातं का? मी एकीकडं, गाडी एकीकडं, पोती एकीकडं. मला गुडघ्याला खरचटलं. उठून बघतो तर अफरोज आडवा पडलेला, पाय असा दुमडलेला, जसा पाय दुमडत न्हाई तसा, अन् दोन्ही हातांनी खोकं वर धरलेलं. वर! हात टेकवला असता तर वाचला असता. पण त्यानं खोकं सोडलं न्हाई. तोंड पांढरंफटक पडलं व्हतं, अन् मला काय म्हणावं? "देख... देवघर कू कुछ नहीं हुआ."

...थांबा जरा. पाणी पितो.

तर ज्यांचं सोयाबीन व्हतं त्याच लोकांनी त्याला उचललं, जीपमधी घातलं, नांदेडला नेलं. नळी मोडली व्हती, सळई टाकावी लागली. अन् इकडं माझा फोन सारखा टिंग टिंग, "आपली डिलिव्हरी उशिरा होत आहे", "आपली डिलिव्हरी उशिरा होत आहे". त्या मशीनला काय माहीत रस्त्यावर कोण पडलंय. अन् ते देवघर सांगू का? दुसऱ्या दिवशी मी नेऊन दिलं. बाईंनी उघडलं, इकडून बघितलं, तिकडून बघितलं, अन् म्हणल्या, "भाऊ, रंग फोटोतल्यासारखा न्हाई वाटत हो. परत घेऊन जा." त्यांची चूक थोडीच हाय. घेतलं, पाठीवर टाकलं, अन् निघालो.

आता सुरू झालं खरं. मी रुद्रला फोन लावला. म्हणलं, रुद्रभाऊ, कंपनीच्या कामात माणूस पडला, काय इमा-बिमा असंल तर बघा. तर त्यो म्हणे, "दादा, विमा आहे ना! आयडी कोणाचा?" म्हणलं, माझा. "मग तुम्हाला लागलं का?" म्हणलं, मला खरचटलं. "मग तुमचा क्लेम करा दादा!" अरे, मला खरचटलं, त्याचा पाय मोडला! "हो दादा, पण तो आपल्या सिस्टिममध्ये नाही." म्हणलं, सिस्टिममधी न्हाई पण दवाखान्यात तर हाय ना! मंग म्हणलं, तूच म्हणला व्हता का न्हाई, घ्या कुणाला तरी सोबत? तर हळू आवाजात म्हणे, "दादा, ते तोंडी होतं."

मंग कंपनीच्या मोठ्या नंबरावर फोन लावला. आधी गाणं वाजतं. मंग एक बाई गोड बोलतेत, "आपण आमचे अत्यंत मौल्यवान भागीदार आहात. आपली अडचण आम्ही समजू शकतो." म्हणलं, समजली ना? मंग करा कायतरी. "आपण स्वतंत्र व्यावसायिक आहात, सोबत घेतलेल्या व्यक्तीची जबाबदारी आपली स्वतःची राहील. आणखी काही मदत करू शकते का?" आणखी! पयली कोणती केली ते सांगा ना आधी!

दवाखान्यात गेलो की मदीनाबी, अफरोजची आई, कॉटच्या खाली चटई टाकून बसलेली. मला वाटायचं, ही मला शिव्या देईल. द्यायला पाहिजे व्हत्या, मला बरं वाटलं असतं. तिनं काय केलं? माझ्या गुडघ्याकडं बघितलं अन् हळद लावून दिली. "तू बी तो गिर्या ना रे," म्हणे. मी भिंतीकडं तोंड करून उभा ऱ्हायलो.

अन् अफरोजचा मेहुणा, त्याच्या बायकोचा भाऊ, हाय परभणीला, त्याला जरा कायद्याचं वारं लागलेलं. त्यानं सांगितलं, हिंगोलीला कामगार ऑफिसात अर्ज टाका कंपनीवर. टाकला. मीच अफरोजच्या सांगण्यावरून लिहून दिला, त्याचं अक्षर वाचता येत न्हाई म्हणून. आता ऐका. त्या अर्जाला कंपनीनं उत्तर काय दिलं? की सदर अफरोज आमचा कामगार न्हाई. त्याला संतराम ह्यानं कामाला ठेवला. संतराम हाबी आमचा कामगार न्हाई, त्यो स्वतंत्र धंदेवाला. म्हणून अफरोजचा मालक कोण? संतराम!

पोस्टमननं नोटीस आणून दिली, घरी दिपा. तिनं वाचली. "श्री. संतराम, आस्थापना मालक." मी घरात पाऊल टाकलं तर ती म्हणे, "या मालक!" म्हणलं, काय झालं? म्हणे, "लगीन झाल्यापासून चारचौघांत तुमाला मालक म्हणते, ते आज सरकारात पोचलं बगा." हसली. अन् मंग हसणं गेलं तोंडावरचं. म्हणे, "अफरोजभाऊनं तुमच्यावर केस केली?" मी म्हणलं, न्हाई गं, कंपनीवर केली, ती फिरून माझ्या घरी आली. ती म्हणे, "मंग आता गाडी जाईल का आपली?" काय सांगू तिला? मला कुठं माहीत. आता तुमीच सांगा, घरातली एक गाडी जाईल म्हणून भ्यायलेला माणूस, त्यो मालक दिसतो काय?

अन् गाव! गावाला तर करमणूकच. चहाच्या हॉटेलवाले शेषराव, मला बघितलं की फडकं खांद्यावर टाकून उभे, "या मालक, बसा मालक, स्पेशल सांगू का मालक? आमच्या भाच्याला घ्या की तुमच्या कंपनीत." म्हणलं, शेषराव, माझ्या कंपनीत एकानं काम केलं, त्यो अजून चालत न्हाई. तरी म्हणतेत, "बघा, जागा रिकामी हाय म्हणजे."

मी नोटीस घेऊन अफरोजच्या घरी गेलो. तवा त्याला घरी आणलं व्हतं, पाय उशीवर. त्याच्या हातात कागद दिला, त्याला काय कळंना. "मैं तो कंपनी पे डाला था बे!" मदीनाबी आतून आली. "क्या हुआ?" म्हणलं, आई, सरकार म्हणतंय मी ह्याचा मालक हाय. तिनं मला वरपासून खालपर्यंत बघितलं. "कौन मालिक? ये? इसकू तो मैं नाक पोंछना सिखाई!"

हसलो आमी तिघंबी. पण मेहुणा बसला व्हता ना कोपऱ्यात. त्यो म्हणला, अच्छाच हुआ. कंपनी के पीछे बरसों भागना पडेगा. संतराम का नाम आ गया तो मामला आसान है, उसका घर है, गाडी है. माझ्या तोंडावर म्हणला! अन् खोटं काय बोलला? बहिणीच्या घराचं बघून राहिला व्हता त्यो. अफरोज उशीची शिवण बोटानं खरडत बसला. मी चहा न पिता उठलो. पयल्यांदा. त्या घरातून चहा न पिता उठलो. अन् वाटंनं मला वाटलं, आता संपलं हे. कंपनीचं काय गेलं न्हाई, माझा अन् ह्याचा तुकडा पडला.

अन् तारीख आली. हिंगोलीला जायचं. सकाळी मी गाडी काढली, अन् बघतो तर अफरोज काठी घेऊन रस्त्यात उभा. म्हणलं, तू कसा जाणार? म्हणे, "बस में पाँव नहीं मुडता मेरा." म्हणलं, मंग? म्हणे, "मंग क्या मंग? तेरे पीछे बैठता." आता ह्याला काय म्हणायचं? केस करणारा मागं बसलेला, ज्याच्यावर केस त्यो गाडी चालवतो, अन् त्याचा न वाकणारा पाय एका बाजूला लांब केलेला, त्या पायाला मी माझा गमचा बांधला, लोंबू नये म्हणून. वाटंत एक जण म्हणला, "कुठं निघाले?" अफरोज म्हणला, "भांडाय कू."

ऑफिसात बाकड्यावर बसलो. मदीनाबीनं डबा दिला व्हता, त्यानं उघडला, मधी ठेवला. दोघंबी खाऊन राहिलो गपचूप. शिपाई आला, "अर्जदार अफरोज! गैरअर्जदार संतराम!" तोंडात घास. शिपायानं इकडं बघितलं, तिकडं बघितलं. "गैरअर्जदार कुठाय?" म्हणलं, मीच. "अन् अर्जदार?" त्यानं माझ्याकडच्या चटणीत भाकर बुडवत हात वर केला. शिपाई म्हणला, "काही समजत न्हाई बुवा," अन् आत गेला.

आत मॅडम व्हत्या, साध्या, डोळ्यांखाली काळं आलेलं. समोर फायलींचा ढीग. अन् कंपनीचा वकील? त्यो आलाच न्हाई. त्यो मोबाईलमधी. मॅडमनी फोन पाण्याच्या बाटलीला टेकवून उभा केला, त्यात त्याचं अर्धं डोकं दिसायचं. सुरुवातीला त्या बाजूच्या साहेबांनी माझं लिहून घेतलं, तेच ते मी आधी सांगितलं, आस्थापना, कामगार किती. मंग मॅडमनी मला इचारलं, "रस्ता कोण ठरवतं?" म्हणलं, ॲप. "पैसे कोण ठरवतं?" ॲप. "टी-शर्ट?" कंपनीचा. "सुट्टी घेतली तर?" रेटिंग पडतं. "काम बंद कोण करू शकतं?" ते करतेत, बटण दाबून. मॅडम फोनकडं वळल्या. "मग हा तुमचा कामगार कसा नाही?" तर ते अर्धं डोकं म्हणे, "मॅडम, रस्ता हे मार्गदर्शन आहे." अन् टी-शर्ट? "तेही मार्गदर्शन." अन् उशीर झाला की बोलणं खावं लागतं ते? "प्रेमळ मार्गदर्शन." मी म्हणलं, साहेब, मला माझ्या बापानंबी एवढं मार्गदर्शन केलं न्हाई!

मॅडम हसल्या न्हाईत. त्या म्हणल्या, "बघा, नवीन कायद्यात तुमच्यासारख्यांचं नाव आलंय. गिग कामगार म्हणतात. पण तुम्ही नोकर आहात असं तो कायदा अजून म्हणत नाही. आणि हे तर तुमच्यासोबत बसलेले. यांचं कुठंच नाव नाही." म्हंजे मी अर्धवट तरी हाय. अफरोज तर न्हाईच! मोडलेल्या पायासकट न्हाईच!

अन् ते अर्धं डोकं काय म्हणलं? "मॅडम, सोपं आहे. अर्जदारानं संतराम यांना मालक मान्य करावं. आजच निकाली निघेल."

अफरोज काठीकडं बघतो. मला काय झालं काय की, मी उठलो. मला ते देवघर दिसून राहिलं, वर धरलेलं. म्हणलं, मॅडम, लिहा. मी मालक. गाडी हाय माझी, घर हाय, जे निघायचं ते काढा, पण ह्याच्या पायाची ती सळई पुढच्या साली काढायची हाय, ते कुणीतरी करा. लिहा माझं नाव. मी मालक!

तर हा उठला. एका पायावर. काठी पडली खाली. "मॅडम, नको लिखो! ये मेरा मालिक नहीं." मी म्हणलं, गप ना अफरोज, लिहू दे. "तू गप! मॅडम, इसके घर में मेरी भाभी है, मेरेकू उस घर में राखी बांधती. मैं उसके घर की गाडी लूँ? मेहुणे कू बोल दूँगा मैं. इसका नाम काटो." म्हणलं, मॅडम, लिहा. म्हणे, मॅडम, काटो. लिहा. काटो. ते फोनमधलं अर्धं डोकं आता पुरं दिसायला लागलं, डोळे एवढे मोठे. म्हणे, "मॅडम, गैरअर्जदारच दावा मान्य करतोय, अन् अर्जदारच नाकारतोय... असं कुठं असतं का?" मॅडमनी पेन खाली ठेवला, चष्मा काढला, डोळे चोळले. अन् लई दमून म्हणल्या, "आमच्याकडं मालक होण्यासाठी कुणी भांडत नाही हो. सगळे नसण्यासाठीच भांडतात."

बाहेर आलो तवा तिथंच बाकड्यावर बसलो. त्यो म्हणला, "उस दिन चाय नहीं पिया तू." म्हणलं, न्हाई. "फिर ऐसा नक्को कर." बस. तेवढंच.

अन् शेवट काय झाला ते ऐका, टाळ्या वाजवायचा न्हाई. मॅडमनी धरून ठेवलं, कंपनीला म्हणल्या, पुढच्या तारखेला कुणीतरी जिवंत माणूस पाठवा, मोबाईल चालणार न्हाई. आता जिवंत माणूस पाठवायचा म्हणलं की त्यांना लई तकलीफ. लगोलग निरोप आला, कंपनी समेट करते. दवाखान्याचा खर्च देते, सळई काढायचाबी देते. "मानवतेच्या भावनेतून." अन् खाली एक ओळ, की ह्यामुळं कुणीबी कुणाचा मालक नाही, कुणीबी कुणाचा नोकर नाही, अन् पुढं कवा असं म्हणणार नाही. कागदावर सही करायला परत हिंगोलीला गेलो, तिथं अफरोजनं मला इचारलं, "सही करू?" मी मॅडमकडं बघितलं. त्या म्हणल्या, "लढायचं असेल तर मी थांबवत नाही. पण वर्षं जातील." त्यांच्या जागी मीबी तेच म्हणलं असतं. पाय वाट बघत न्हाई. केली सही. मदीनाबीनं सुटकेचा श्वास सोडला, दिपानं गाडी धुवून काढली, गाडी ऱ्हायली म्हणून. कुणी जिंकलं का? मला तर न्हाई वाटत. पण पाय बरा व्हतोय, जरा लंगडतो.

अन् माझं? माझी आयडी बंद! सही झाल्यावर आठवडाभरात. "अनधिकृत व्यक्तीस सोबत घेतल्याबद्दल." हबवर गेलो, रुद्रला म्हणलं, बाबा, तूच 'घ्या कुणाला तरी सोबत' म्हणला व्हता! तवा ते पोरगं कानातलं यंत्र काढून पयल्यांदा खरं बोललं. "दादा, माझ्या हातात नाही. मी तरी कुठं कंपनीचा आहे? मला एका एजन्सीनं ठेवलंय. एजन्सीला दुसऱ्या एजन्सीनं." म्हणलं, अन् तुझा मालक कोण? म्हणे, "मी पण शोधतोय दादा." त्याला चहा पाजला अन् आलो.

आता दुसऱ्या कंपनीचा टी-शर्ट हाय, ह्याचा रंग जरा बरा हाय. चौकोन दाबला, मान्य आहे. काय करणार, वाचून बदलतं का? फकस्त ह्या टायमाला मॅडमचं ऐकलं. त्या म्हणल्या व्हत्या, निदान सरकारी नोंदणी तरी करा, पुढं मागं काही योजना आली तर नाव असू द्या. म्हणून परवा मी अन् अफरोज दोघंबी सरकारी सेतू केंद्रावर गेलो. त्यो आता माझ्यासोबत रीतसर, त्याच्या नावाच्या आयडीवर, जवळच्या जवळ पार्सलं वाटतो, मोपेडवर. तिथल्या पोरीनं अंगठे घेतले, फोटो काढले, अन् कार्ड हातात दिलं. कोरं करकरीत. फोटो हाय, नाव हाय, गाव हाय, काम हाय.

तिथून शेषरावच्या हॉटेलात बसलो. अफरोजनं माझं कार्ड अन् त्याचं कार्ड शेजारी शेजारी टेबलावर ठेवलं अन् लई खूष झाला. म्हणे, "देख संत्या, सरकार का ठप्पा. अब तू मालिक-वालिक कुछ नहीं. तू बी कामगार, मैं बी कामगार. बराबर के."

मी कार्ड उलटंपालटं करून बघितलं. पुढून बघितलं, मागून बघितलं. म्हणलं, अफरोज, कामगार झालो हे बरं झालं रे... पण कुणाचे?

त्यानं बशीत चहा ओतला, फुंकर मारली, अन् म्हणला, "उत्ता मत पूछ. चाय ठंडी हो रही."